ॲप ऑर्डर घेईल, पण दुकानदाराचा हिशेब कोण बघेल?

प्रश्न : मी मिरजेत राहते, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. बाबांची बिस्किटं, साबण, टूथपेस्ट अशा मालाची एजन्सी आहे. पूर्वी आमचा सेल्समन दुकानोदुकानी फिरून ऑर्डर आणायचा. आता बरेच दुकानदार कंपनीच्या ॲपवरून नाहीतर मोठ्या होलसेल ॲपवरून माल मागवतात. बाबा म्हणतात, या लायनीत आता राम उरला नाही. मला मात्र लोकांशी बोलायला, विकायला मनापासून आवडतं. कॉलेजमधून एका कंपनीत सेल्सच्या नोकरीसाठी निवडही झाली आहे. आई म्हणते, सेल्स म्हणजे टार्गेटचा जाच आणि लोकांच्या गळ्यात माल मारणं. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

नोकरी घे. पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घे, त्या पुढे सांगते. आधी आईचं म्हणणं घेऊ, कारण ते खोटं नाही.

गळ्यात माल मारणं या धंद्यात चालत आलंय आणि ते कसं चालतं हे तू घरात पाहिलेलंच असशील. कंपनीचा माल तुमच्या गोदामात उतरला की कंपनीच्या हिशेबी विक्री झाली. तिला प्रायमरी म्हणतात. तुमच्याकडून दुकानात गेला की सेकंडरी. गिऱ्हाइकाने पिशवीत टाकून घरी नेला ती खरी विक्री, पण महिन्याच्या टार्गेटमध्ये ती फार क्वचित मोजली जाते. म्हणून 28-29 तारीख आली की फोन सुरू होतात. गरज नसताना माल उतरतो, तो खपवायला सेल्समन दुकानदाराला 'शेट, दोन पेट्या घ्याच, स्कीम आज संपतेय' म्हणतो, आणि तीन महिन्यांनी तीच बिस्किटं तारीख उलटून परत येतात. त्याचा क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, कंपनीकडे अडकतो. दुकानदार सेल्समनवर चिडतो, सेल्समन तुझ्या बाबांवर. समज, शंभर रुपयांच्या मालामागे एजन्सीला पाच रुपये सुटतात. तर परत आलेल्या शंभर रुपयांच्या एका मालाचा क्लेम बुडाला, की तो भरून काढायला आणखी दोन हजारांचा माल विकावा लागतो. असं विकणं नैतिकदृष्ट्या वाईट आहेच, पण साध्या वहीवरच्या हिशेबातही ते बसत नाही.

आता बाबांचं म्हणणं. ॲपमुळे त्यांना झालेला त्रास खरा आहे आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी हिंदुस्तान युनिलिव्हर आणि कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता, तो याच कारणाने. होलसेल ॲप आणि कॅश-अँड-कॅरीवाल्यांना (रोखीने घाऊक माल देणाऱ्या मोठ्या दुकानांना) तोच माल स्वस्त मिळतो आणि आम्हाला महाग, हे कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. त्याच महिन्यात बोलणी होऊन मिटलं. पुढे क्विक कॉमर्स, म्हणजे काही मिनिटांत घरपोच माल देणारी ॲप, वाढलं तशी वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने स्पर्धा आयोगाकडेही दाद मागितली. भावातला हा फरक तुझ्या गोड बोलण्याने मिटणारा नाही. ती लढाई संघटनेने आणि कायद्याने लढायची आहे. त्याचा भार स्वतःच्या डोक्यावर घेऊन या क्षेत्रात उतरू नकोस.

पण ॲपने नेमकं काय काढून घेतलं, ते नीट बघ. दुकानात जाऊन 'काय काय पाठवू?' विचारणं आणि वहीत लिहून आणणं, एवढं. ते काम गेलं तर जाऊ दे. रात्री अकराला गल्ला मोजून झाल्यावर दुकानदाराला मोबाइलवर ऑर्डर टाकता येते, यात त्याची सोयच आहे. जे उरलं ते काम माझ्या मते जास्त मोलाचं आहे.

22 सप्टेंबर 2025 ची गोष्ट आठव. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. दुकानात जुन्या छापील किमतीचा माल पडलेला, आणि बातम्या बघून आलेलं गिऱ्हाईक 'कर कमी झालाय ना, मग कमी घ्या' म्हणत काउंटरवर उभं. जुन्या दराने भरलेल्या कराचं काय, फरक कोण देणार, नवीन किमतीचं स्टिकर लावायचं का, नवा माल कधी येणार, हे सगळे प्रश्न दुकानदाराच्या तोंडी. ॲपवर बदललेले दर दिसत होते. पण पडून असलेल्या मालाचं काय करायचं हे समोर बसून, त्याचं बिल हातात घेऊन सांगणारा माणूस ज्या एजन्सीकडे होता, तिच्याकडे दुकानदाराने पाठ फिरवणं अवघड आहे. तेव्हा तुमच्याकडे हे कोणी केलं होतं का, बाबांना विचार.

चांगला विक्रेता दुकानात शिरला की मोबाइल काढण्याआधी रॅक बघतो. कुठल्या पुड्यावर धूळ आहे, मागच्या महिन्याचा माल मागे दडलाय का. हात घालून जुन्या तारखेचा माल पुढे घेतो, नवा मागे सरकवतो. मग म्हणतो, 'काका, या वेळी हा मोठा पॅक नको, मागचेच चार पडलेत. दहावाला घ्या, शाळा सुरू होतेय.' त्या दिवशीची ऑर्डर कमी होते. पण त्यानंतर तो जे सुचवेल ते दुकानदार ऐकतो, नवीन मालाला जागा देतो, आणि उधारीचे पैसे मागायला गेलं तर 'उद्या या' म्हणत नाही. उधारी हा तर या नात्याचा कणाच आहे. होलसेल ॲपवरही उधारी मिळते, पण तिथे हप्ता चुकला की खातं बंद. गावात लग्नसराई कधी, उसाचं बिल कधी जमा होतं, कोणाच्या घरी दवाखाना सुरू आहे, हे माहीत असणारा माणूसच कोणाला आठ दिवस थांबायचं आणि कोणाचा माल रोखायचा हे ठरवू शकतो.

हे तुला झेपेल का, ते नोकरीत जाण्याआधी घरातच तपासता येईल. तुमच्याकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर असणारच. त्यातून मागच्या वर्षभराचा डेटा एक्सेलमध्ये काढ आणि ज्यांची खरेदी घटली अशी वीसेक दुकानं निवड. तिथे जा, पण ऑर्डर घ्यायची नाही, हे स्वतःला बजावून जा. आमच्याकडून घेणं का कमी केलंत, कुठला क्लेम अजून अडकलाय, आमची गाडी वेळेवर येते का, एवढंच विचार, उत्तर येईपर्यंत गप्प बस आणि ते वहीत लिहून घे. गप्प बसणं बी.कॉम.च्या पोरांना सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला उत्तरं द्यायची सवय लावलेली असते. परत आल्यावर जे अडकलेलं असेल त्यातलं एक तरी काम बाबांकडून त्याच आठवड्यात सोडवून घे, आणि झालं की त्या दुकानदाराला स्वतः फोन कर. महिनाभर हे करून तुला कंटाळा आला, तर सेल्स तुझ्यासाठी नाही, हे फुकटात कळलं. मजा आली तर आईला तीच वही दाखव.

ऑफरबद्दल. नोकरी कंपनीच्या पे-रोलवर आहे की एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे पहिलं विचार. फील्ड सेल्समध्ये बऱ्याच जागा दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि पोरांना ते पहिल्या पगाराच्या स्लिपवर कळतं. पगारातला ठरलेला भाग किती आणि इन्सेंटिव्ह किती, पेट्रोल आणि गाडीचा भत्ता वेगळा मिळतो का, पीएफ कापला जातो का, तेही लेखी घे. आणि टार्गेट कशावर मोजता, प्रायमरीवर की सेकंडरीवर, हे आवर्जून विचार. तुझ्यासारख्या मुलीने हे विचारलं की मुलाखत घेणारा खुर्चीत सावरून बसतो. उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथे महिनाअखेरीला काय चालतं ते समजून घे.

आईच्या मनात आणखी एक भीती असणार, ती पत्रात नाही पण मी वाचली. फिरतीच्या कामात मुली अजून कमी दिसतात. वसुली संध्याकाळी असते, आडबाजूच्या रस्त्यांवर बाजारच्या दिवशी उशीर होतो. म्हणून तुझा बीट (फिरायचा ठरलेला भाग) कुठला, सोबत कोण, दुकानं बंद व्हायच्या वेळी रोख वसुली करावी लागते का, की यूपीआयवर होते, हे आधीच बोलून घे. हे विचारण्यात कमीपणा नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तक्रार ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचा कायदा 2013 पासून आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती असावी लागते, तिच्या सदस्यांची नावं मागून घे.

बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर जरूर दे, चांगली नोकरी आहे. फक्त विक्री टाळण्यासाठी देऊ नकोस. बँकेतही आता विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड विकावंच लागतं, आणि तिथेही मुदत ठेव करायला आलेल्या आजोबांच्या हाती पॉलिसी देणारे असतात. विमा नियामकाने पॉलिसी परत करायला 30 दिवसांची मुदत ठेवली आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते. म्हणजे आई ज्याला घाबरते ते टेबलाच्या या बाजूलाही आहे, त्या बाजूलाही. कुठेही गेलीस तरी नको असलेला माल द्यायला नाही म्हणण्याची वेळ येणार, आणि ते साहेबाला सांगताना आकड्यांनिशी सांगता यायला हवं. परत आलेला माल, अडकलेला क्लेम, तुटलेलं दुकान, हे सगळं रुपयांत मांडता येतं. एक्सेल त्यासाठी शिक. पिव्हट टेबल (आकड्यांची गटवार बेरीज मांडणारं एक्सेलमधलं साधन) येत नसेल तर या सुट्टीत शीक, 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मार्केटिंग आणि डेटाचे मोफत कोर्सही आहेत.

एमबीएची घाई करू नकोस. दोन वर्षं दुकानांत फिरून मग सीईटी दिलीस तर वर्गातली चर्चा तुला वेगळीच कळेल, आणि बाबांच्या एजन्सीचं पुढे काय करायचं हेही तोवर तुम्हा दोघांना ठरवता येईल. त्याआधी त्या वीस दुकानांची यादी काढ, आणि निदान पहिल्या दोन-तीन दुकानांत बाबांना सोबत ने. दुकानदार त्यांच्यासमोर जे बोलतील ते त्यांनीही ऐकायला हवं.