वाचकांचे प्रश्न : भीती एच-१बीची, धोका ओपीटीचा

प्रश्न : मुलाला अमेरिकेत संगणकशास्त्रातल्या एमएसला प्रवेश मिळालाय. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या १ लाख डॉलर शुल्काची बातमी आल्यापासून घरात एकमत होत नाही. कर्ज ४५ लाखांचं, फ्लॅट तारण. पाठवावं, थांबावं की जर्मनीचा विचार करावा?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : ज्या बातमीनं तुमची झोप उडवली, ती तुमच्या मुलाला थेट लागू होत नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतलं ते शुल्क मुख्यतः अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी अर्ज करणाऱ्या कंपनीला आहे. तिथेच शिकून, देश न सोडता विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यानं केला. शिकून तो पुण्याला परतला आणि मग कंपनीनं बोलावलं, तर मात्र ते आडवं येतं.

खरी काळजी ओपीटीची. शिक्षणानंतर १२ महिने, आणि त्याच्यासारख्या शाखांना आणखी २४ महिने नोकरीची ही मुभा खात्याच्या नियमातून आलेली आहे. ती आटवायला अमेरिकी संसदेत मतदान लागत नाही. एच-१बीची वर्षाला ८५ हजार व्हिसांची मर्यादा निदान कायद्यात तरी आहे. आणि कर्जफेडीचा हिशेब बहुतेक घरांत ओपीटीतल्या डॉलरवरच मांडलेला असतो! तो रुपयांत मांडा. ४५ लाख, ११ टक्के, १० वर्षं : हप्ता सुमारे ६२ हजार, शिक्षणकाळातलं व्याज वेगळं. हिंजवडीतल्या सुरुवातीच्या पगारातून तो निघणार नसेल, तर कमी फीचं विद्यापीठ बघा. फ्लॅट पणाला लावू नका.

कर्ज मंजूर करून ठेवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत रक्कम उचलू नका. व्याज उचललेल्या रकमेवरच चढतं. सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर व्हिसा नाकारला तरी १२ महिन्यांत त्याच प्रकारच्या नव्या अर्जाला चालतात. प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, हे विद्यापीठाला आत्ताच लेखी विचारा. शिष्यवृत्ती टिकेल का, हेही त्यातच विचारा, कारण गाडं बहुधा तिथेच अडतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांची फी नगण्य असली, तरी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, राहण्याखाण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. धोरणं तिथेही पालटतात : २०२४ मध्ये आलेली तीन वर्षांत नागरिकत्वाची सोय २०२५ मध्ये रद्द झाली. तरी एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा, अर्ज आजच टाका. त्याला आठवडे लागतात, आणि त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.