आधी उलटायला शिकू द्या

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. जलतरण तलावात छान पोहते. मैत्रिणींसोबत जुलैत केरळला, कोळिकोड जिल्ह्यातल्या कोडेंचेरीच्या चालिप्पुळा नदीवर कयाकिंग (वल्ह्यानं चालवायची छोटी, अरुंद बोट) शिकायला जायचं म्हणते. तिच्या बाबांचा साफ नकार आहे. पाठवावं का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, पाठवा. पण भर जुलैत चालिप्पुळावर पहिला धडा नको. तेव्हा तिथे बघायला जावं. २०१३ साली सुरू झालेला मलबार रिव्हर फेस्टिव्हल ऐन पावसाळ्यात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर भरतो, देशोदेशीचे कयाकपटू उतरतात. चालिप्पुळाकाठच्या पुलिक्कयम गावी काठावर उभं राहून नुसतं पाहिलं तरी पोरीला खूप कळेल.

बाबांची भीती खोटी नाही. ही सह्याद्रीतून उतरणारी डोंगरी नदी. वर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. अंबाझरी तलाव ओसंडून २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे शहरात कसा पूर आला, ते आपण नागपूरकरांनी पाहिलंय. पाणी विचार करायला वेळ देत नाही. शेजारच्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ला दरडींनी गावं गाडली. म्हणून कोळिकोड आणि वायनाड, दोन्ही जिल्ह्यांचा हवामान इशारा रोज बघायचा. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या की ताबडतोब काठावर यायचं.

तलावातलं पोहणं उपयोगी आहे, पुरेसं नाही. कयाकमध्ये कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बोटीत पाणी शिरू नये म्हणून घालायचा घेर असतो, तो बसायच्या जागेच्या तोंडावर घट्ट बसवतात. बोट उलटली की डोकं पाण्याखाली, पाय आत. तेव्हा पुढे वाकायचं, स्कर्टचा पट्टा चाचपून ओढायचा, बोटीच्या कडांवर हात रोवून स्वतःला बाहेर ढकलायचं. हे स्थिर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी उभा असताना, इतक्या वेळा करायचं की घाबरणं संपलं पाहिजे. हे जमेपर्यंत वाहत्या पाण्यात उतरूच नये, या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दुसरी गोष्ट आडव्या पडलेल्या झाडांची. काठावरचं झाड किंवा बांबूचं बेट प्रवाहात कोसळलं की पाणी फांद्यांमधून गाळणीतल्या चहासारखं निघून जातं, माणूस मात्र अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबून धरतं. दगडापेक्षा मला याचीच धास्ती जास्त. बोटीतून पडलीच तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं, पंजे वर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, दगडांच्या फटीत पाय अडकतो.

मधला टप्पा म्हणून रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका नदी चांगली. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे प्रवाह कधी वाढणार हे आधी माहीत असतं. मग पाऊस ओसरल्यावर, पाणी उतरलं की चालिप्पुळा.

हेल्मेट दुचाकीचं चालत नाही. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही. आणि पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्यांना एवढं विचारा : ती उलटली तर बचावाचा दोर घेऊन काठावर नेमकं कोण, कुठे उभं असेल? उत्तरात त्या माणसाचं नाव आणि जागा आली नाही, तर दुसरीकडे चौकशी करा.