कॅनडात बर्फावर उतरायचंय? जमीन विकण्याआधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरची, वय २१, बी.कॉम. झालेली, नऊ वर्षं आर्टिस्टिक रोलर स्केटिंग (चाकांच्या बुटांवर उड्या, फिरक्या, नाच) केलेली. बाबा अर्धा एकर विकायला तयार आहेत. कॅनडात शिकायला जायचं, बर्फावर फिगर स्केटिंग करायचं, मग शो, कोचिंग, कोरिओग्राफी. जमेल का? मी बेळगावच्या टिळकवाडीची. तुझ्यासारखीच रोलरवर वाढले आणि २०११ साली टोरांटोजवळ आले. मला जे भोगावं लागलं ते तुला लागू नये म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या स्पर्धेचा विचार आजच सोड. इथली मुलं पाच-सहा वर्षांची असताना बर्फावर उतरतात. भारताकडून खेळणारी तारा प्रसादसुद्धा अमेरिकेत वाढलेली आहे. रोलरवर मात्र आपल्याकडची मेहनत वाया गेलेली नाही. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये अनुपकुमार यामाने आर्टिस्टिकमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा आमच्या रिंकवर पेढे वाटले होते.

चाकांवरून ब्लेडवर येताना उड्यांची नावं तीच राहतात, ॲक्सल, साल्को, लुट्झ, पण पायांना सगळं नव्यानं शिकवावं लागतं. बेळगावात आपण बुटाच्या पुढचा टो-स्टॉप, म्हणजे रबरी अडथळा, टेकवून थांबतो ना? पहिल्या दिवशी मी सवयीनं तेच केलं. ब्लेडच्या टोकाला दाते असतात. ते बर्फात रुतले आणि मी हनुवटीवर आपटले. तीन टाके पडले. इथं ब्लेड आडवं घासून थांबतात, किसणीवर खोबरं किसल्यासारखा आवाज येतो आणि पांढरा भुगा उडतो. ब्लेड जेमतेम चार मिलिमीटर जाड, मधोमध खोबण, तिच्या दोन्ही बाजूंना धार. चार चाकांचा रुंद आधार गेला की शरीर आतल्या नाहीतर बाहेरच्या धारेवर झुकवूनच सगळं करायचं. पहिलं वर्षभर मी कॅनस्केटच्या, म्हणजे नवशिक्यांच्या, वर्गात शिशुवर्गाच्या वयाच्या पोरांबरोबर उभी राहिले. लाज बाळगू नकोस, तोच पाया आहे. उडीतला वेळेचा अंदाज, न घाबरता पडणं आणि ताल हे तुझं आधीचं भांडवल, ते लगेच कामी येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेळगावातल्या एका एजंटनं मला सांगितलं होतं, "स्केटिंग कोच झालात की पीआर नक्की." खोटं होतं ते. (पीआर म्हणजे इथं कायमचं राहण्याची परवानगी.) कोच होण्यासाठी स्केट कॅनडा या राष्ट्रीय संघटनेची नोंदणी, एनसीसीपी या कोचसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराचा दाखला, पोलिस तपासणी हे सगळं मी मुकाट्यानं केलं. पण क्लबमधले बरेच कोच नोकरीवर नसतात. प्रत्येक धड्याचे पैसे पालकांकडून घेतात, म्हणजे कायद्यानं स्वयंरोजगार. आणि कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेत, स्वयंरोजगाराचा अनुभव धरतच नाहीत. माझी दोन वर्षं अशी गेली. फाइल परत आली त्या रात्री मी रिंकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. शेवटी बी.कॉम.नं हात दिला. एका गोदामाच्या हिशेबाची पगारी नोकरी धरली, तिच्यावर पीआर मिळाला. कोचिंग संध्याकाळी आणि शनिवारी.

पालिकेच्या रिंकवरची पगारी नोकरी मिळाली तरी कामाचं वर्गीकरण बघ. 'कोच' हा वर्ग पीआरसाठी चालतो. करमणूक केंद्रातला 'प्रशिक्षक' एक पायरी खाली धरतात, तो चालत नाही. खेळाडू-कलावंतांसाठी स्वयंरोजगारावर पीआर देणारी वेगळी योजना होती, तिचे नवे अर्ज ३० एप्रिल २०२४ पासून थांबवलेत. शिकत असताना सत्र चालू असेल तेव्हा कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्यात बर्फाचं भाडं, कोचची फी, बूट आणि वेगळं घ्यावं लागणारं ब्लेड बसत नाही, आधीच सांगते. म्हणून कोर्स अकाउंट्सचाच घे, स्केटिंग त्याच्या जोडीला ठेव.

शोचं म्हणशील तर डिस्ने ऑन आइस आहे, रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर बर्फाचं रिंक आहे. काम कराराचं, महिनोन्महिने घराबाहेर. विद्यार्थी व्हिसावर तो मार्ग धरू नकोस.

कोरिओग्राफीत मात्र मला तुझी जागा दिसते. लोरी निकोल, डेव्हिड विल्सन, शे-लिन बोर्न हे नावाजलेले कोरिओग्राफर याच देशातले. सिनियर गटाच्या स्पर्धेतला पहिला, शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा, दुसरा, फ्री प्रोग्रॅम ४ मिनिटांचा, दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. त्यात उड्या, फिरक्या, पावलं बसवायची आणि तरी ते नाचासारखं दिसलं पाहिजे. गेल्या हिवाळ्यात एका अकरा वर्षांच्या मुलीची पावलं ढोलावर बसेनात. मी तिला बर्फाबाहेर रबरी चटईवर आणलं आणि आपल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतली लेझीम शिकवली: दोन पावलं पुढं, वाकून ठोका, उठताना वळण. परत बर्फावर गेली आणि ते वळण तिच्या बाहेरच्या धारेवर आपोआप बसलं. तिची आई मला विचारत होती, हे कुठलं नृत्य!

जमीन विकू नका म्हणून बाबांना सांग. आधी गुरुग्रामच्या मॉलमधल्या छोट्या रिंकवर, नाहीतर डेहराडूनला जाऊन महिनाभर बर्फावर पाय ठेव. मग डाव्या पायावर, मागे जाताना, बाहेरच्या धारेवर दहा सेकंद उभी राहिलेली तू, असा व्हिडिओ मला पाठव. पडलीस तर तेही कापू नकोस, पडताना कुठं झुकतेस ते मला बघायचंय.