‘सर्वशक्तिमान’मधली शक्ती आणि देवाला न उचलणारा चिरा

प्रश्न असा आलाय: ‘सर्वशक्तिमान’ हा शब्द मुळातच फसलेला आहे का? देवाला स्वतःलाच उचलता येणार नाही एवढा जड दगड देव करू शकतो का असं विचारलं की हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी पंचाईत, मग असा शब्द वापरायचाच कशाला? आणि जाता जाता दोन शंका, त्यातला ‘क्ति’ ऱ्हस्व की दीर्घ, आणि देवीला काय म्हणायचं.

ऱ्हस्व-दीर्घाचं आधी उरकून टाकतो. ‘शक्ती’ एकटा लिहिला की मराठीत दीर्घ, पण समासात किंवा ‘मान’सारख्या संस्कृत प्रत्ययाआधी आला की संस्कृतातला ऱ्हस्व तसाच राहतो, म्हणून सर्वशक्तिमान, जसं बुद्धी पण बुद्धिमान, गती पण गतिमान. ‘सर्वशक्तीमान’ देवळांच्या पावतीपुस्तकांवर सर्रास दिसतं, देव काही रागावत नाही, मुद्रितशोधक मात्र रागावतात. संस्कृतवाले आणखी एक खुसपट काढतात, की ‘सर्व शक्ती ज्याच्या ठायी तो’ हा अर्थ नुसत्या ‘सर्वशक्ति’ या बहुव्रीहीतच येतो, मग वर ‘मान’ कशाला? शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात दुसऱ्याच सूत्रावर बोलताना जगाच्या कारणाला ‘सर्वज्ञ’ आणि ‘सर्वशक्ति’ म्हणतात, ‘मान’ न लावता. पण आपल्याकडे ‘मान’वालं रूढ झालंय, ते आता कोण काढणार.

आता मुख्य भानगड. माझ्या मते घोळ मूळ शब्दात नाहीये, आपण मनातल्या मनात त्याचं जे भाषांतर करतो त्यात आहे. ‘सर्वशक्तिमान म्हणजे काय’ असं कुणालाही विचारा, ‘म्हणजे देव काहीही करू शकतो’ असंच उत्तर येईल. आणि ‘काहीही’ या शब्दाचं हल्लीच्या बोलण्यात काय झालंय ते तुम्हाला माहितीये, कुणी थाप मारली की आपण ‘काहीही!’ म्हणतो, म्हणजे ज्याला काही अर्थच नाही ते. त्या दगडाचं कोडं नेमकं या दुसऱ्या ‘काहीही’त राहतं.

धातू बघा. शक्ती ‘शक्’ धातूपासून, म्हणजे समर्थ असणं. आणि ‘शक्य’सुद्धा त्याच ‘शक्’पासून. दोघं एकाच घरातले, एक करणाऱ्याच्या बाजूने बघतो आणि दुसरा होणाऱ्या गोष्टीच्या बाजूने. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ लावायचा तर जे जे म्हणून शक्य आहे त्याची ताकद ज्याच्यापाशी आहे तो सर्वशक्तिमान. अशक्याचा हिशोब त्या शब्दाने कधी अंगावर घेतलेलाच नाही, तो आपण त्याच्या खात्यावर मांडला.

यावर कुणीतरी म्हणणारच की अहो, स्वामी अशक्यही शक्य करतात असं निम्म्या रिक्षांच्या मागे लिहिलेलं असतं त्याचं काय. तर तिथला ‘अशक्य’ वेगळा. ‘शिमग्याला गाडीत अशक्य गर्दी होती’ असं आपण म्हणतो आणि त्याच गाडीतून गावाला पोचतोही. हा अशक्य म्हणजे फार अवघड, आपल्या आवाक्याबाहेरचं, डॉक्टरनी हात टेकलेलं. वांझेचा मुलगा, सशाचं शिंग, आकाशाचं फूल या जुन्या दर्शनग्रंथांतल्या गोष्टी त्या अर्थाने अशक्य नाहीत. त्यातही सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा यांत फरक आहे असं मला वाटतं, कारण सशाला शिंग नाही ही निसर्गाची गोष्ट झाली, देवाने मनात आणलं तर उद्या फुटेल, पण वांझेला मुलगा झाला तर ती वांझ राहत नाही, तिथे देवाने करायचं तरी काय! ‘माझी आई वांझ आहे’ हे वाक्य तोंडाने बोलता येतं, व्याकरणात बसतं, आणि तरी त्यातून काहीच सांगितलं जात नाही.

दगडाचं कोडं मी एकदा आमच्याकडे कोकणात सड्यावरच्या, म्हणजे कातळ-माळावरच्या, चिरेखाणीत टाकून बघितलं होतं. घराच्या कंपाउंडला चिरे हवे होते म्हणून गेलो होतो, टेम्पो भरणं चालू होतं, आणि एक साठीचे काका एकेक चिरा मांडीवर घेऊन मग छातीशी लावून फळीवर चढवत होते, अंगभर लाल धूळ. मी आपला हौशी, विचारलं, “काकांनू, देवान असो एक चिरो काढलो जो देवाकच उचलूक येवचो नाय, तर?” त्यांनी हातातला चिरा ठेवला, घाम पुसला आणि विचारलं, “चिरो केवढो?” म्हटलं कितीय मोठो. तर म्हणतात, “मगे देव केवढो?” आणि पुढचा चिरा उचलला.

मला त्यावर काही बोलता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की जॉर्ज मॅव्हरोड्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1963 साली जवळपास हेच मांडलंय. देव सर्वशक्तिमान आहे हे गृहीत धरलंत ना, मग ‘ज्याची उचलण्याची ताकद अमर्याद आहे त्याला न उचलणारा दगड’ हे वर्णनच स्वतःला खोडतं, तो चिरा म्हणजे वांझेचा मुलगा. पुढच्याच वर्षी हॅरी फ्रँकफर्ट या दुसऱ्या तत्त्वज्ञाने वर आणखी मजा केली, की बरं, देव असली परस्परविरोधी गोष्टही करू शकतो असं धरू, मग न उचलणारा दगड करण्याएवढं अशक्य ज्याने केलं त्याला तो उचलण्याचं दुसरं अशक्य जड जाईल होय? आधी करील आणि मग उचलीलही.

इथे मला मराठीचं फार कौतुक वाटतं. दोन वाक्यं घ्या, ‘मला पोहता येत नाही’ आणि ‘सुक्या वाळूत पोहता येत नाही’. क्रियापद तेच, नकार तोच, पण पहिल्यात उणेपणा माझा आहे आणि दुसऱ्यात कुणाचाच नाही. दुसऱ्या वाक्यातून ‘ला’ गळालाय. किनाऱ्यावरचा पट्टीचा पोहणारा आणून उभा केलात तरी ‘याला वाळूत पोहता येत नाही’ असं म्हणणं वाक्य म्हणून खोटं नाही, पण ऐकणाऱ्याला वाटेल बिचाऱ्याला शिकवलं नसेल. दगडाच्या कोड्यात हीच चलाखी आहे, जिथे ‘ला’ नको तिथे तो देवाला चिकटवलाय. थॉमस अक्वायनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ 13व्या शतकात लॅटिनमध्ये हेच सांगत होता, की ज्यात अंतर्विरोध आहे ते ‘देव करू शकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘ते होऊच शकत नाही’ म्हणणं जास्त बरं. त्याला त्यासाठी अख्खं प्रकरण लिहावं लागलं, आपल्याकडे एक विभक्तीचा प्रत्यय काढला की काम होतं.

अर्थात सगळे असं मानत नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1630च्या पत्रांत उलटी बाजू धरली, की गणितातली सत्यंसुद्धा देवाने ठरवली म्हणून सत्य आहेत, राजा कायदा करतो तशी, त्याने मनात आणलं असतं तर ती वेगळी असती. भक्त म्हणून हे ऐकायला छान वाटतं, पण मग देवाबद्दल कुठलंच वाक्य धड बोलता येत नाही, ‘देव आहे’ म्हटलं तरी त्यात ‘देव नाही’ आलंच, मग चर्चा बंद करून नारळ ठेवावा आणि घरी जावं.

आपल्याकडचा आवडता शब्दप्रयोग म्हणजे ‘कर्तुमकर्तुमन्यथाकर्तुम्’, करणं, न करणं आणि भलतंच करणं या तिन्हीचं सामर्थ्य. कीर्तनात ईश्वराचं विशेषण म्हणून हा दणकून येतो, राजकारण्यांनाही लावतात. गंमत अशी की वर ज्या भाष्याचं सांगितलं त्याच सूत्राच्या पुढच्या ओळींत शंकराचार्यांनी हेच शब्द वापरलेत ते तुमच्याआमच्या साध्या कामांसाठी. माणूस घोड्यावरून जाईल, पायी जाईल, आणखी कसा जाईल किंवा जाणारच नाही, हे त्याच्या हातात. पण समोर खांब आहे तर तो खांबच, ‘खांब असेल नाहीतर माणूस असेल’ असा विकल्प तिथे चालत नाही, कारण वस्तू कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. आणि गीताभाष्यात तर ते सरळ म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. वेद मानणारा माणूस हे म्हणतोय, विचार करा.

आता माझ्याच म्हणण्यातली एक अडचण सांगतो, कारण प्रश्न विचारणारा हुशार दिसतो आणि तो इथे येणारच. ‘करणाऱ्याला स्वतःला न उचलणारी वस्तू करणं’ यात विरोध कुठाय? मी परसात गडगा, म्हणजे दगडांचा बांध, घातलाय, तो मला उचलत नाही. म्हणजे मला जमतं ते देवाला जमत नाही! हे नुसतं वाळूत पोहण्यासारखं नाही. यावर मला पटलेलं उत्तर ‘स्वतः’ या शब्दात आहे. भाडेकरू दर महिन्याला घरमालकाला भाडं देतो, मालकाला मात्र स्वतःच्या घराचं भाडं घरमालकाला देता येत नाही, तर मालक भाडेकरूपेक्षा गरीब ठरला का? ‘स्वतः’ आला की शब्द तेच राहतात पण माणूस बदलला की काम बदलतं. माझ्या गडग्यातलं ‘न उचलणं’ ही माझ्या कंबरेची हद्द आहे, ती कौशल्यात मोजायची म्हणजे बुडण्याला पोहण्याचा प्रकार म्हणण्यासारखं. तरी खरं सांगतो, हे उत्तर मला वाळूवाल्याइतकं घट्ट वाटत नाही, किंचित हलतं.

मग खोटं बोलणं, पाप करणं, मरणं? ही तर शक्य कोटीतली, रोज घडणारी कामं, ती देवाला येत नाहीत म्हणजे काय. अकराव्या शतकात अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने हे चक्क बोलण्याच्या रीतीकडे बोट दाखवून सोडवलंय, की ‘खोटं बोलू शकतो’ यातला ‘शकतो’ ताकद दाखवत नाही, कशाच्या तरी आहारी जाणं दाखवतो. मराठीत त्यालाही आयतं रूप आहे. ‘आईला लेकराचे हाल बघवत नाहीत’, तिचे डोळे शाबूत आहेत, तरी बघवत नाही. करता न येणं वेगळं आणि करवत नाही ते वेगळं. ‘देवाला खोटं बोलवत नाही’ असं म्हटलं की त्याचं काही कमी होत नाही, उलट स्वभाव कळतो. ‘देव खोटं बोलू शकत नाही’ या वाक्यात दोन्ही अर्थ एकाच गोणीत कोंबलेत, म्हणून मला अशा ठिकाणी ‘शकणे’ आवडत नाही.

आणि खरं बघायला गेलं तर ‘सर्वशक्तिमान’ हा आमच्या किनारपट्टीचा शब्दच नाही. इथे देव जागृत असतो, कडक असतो, राखणदार असतो, नवसाला पावतो. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फिरतो, त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक हातभर लांब चपला वाहतात. त्याला कुणी सर्वशक्तिमान म्हणत नाही आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्रत्येक देवाची हद्द ठरलेली, मानपान ठरलेले. देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यात काय मागतात बघा, चुकलंमाकलं पदरात घे, लेकराबाळांना सुखी ठेव, वाकडं येईल त्याला तिथल्या तिथे आडव, आणि मागून सगळे “व्हय म्हाराजा”. कौल लावतानाही प्रश्न असा घालतात की उजवी-डावी पाकळी पडून उत्तर देता यावं. न उचलणाऱ्या चिऱ्याचा कौल कुणी लावलाय असं ऐकलं नाही. ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’ म्हणतात त्यातही थक्क होणं आहे, पैज नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक पर्याय सुचवतो: सर्वसमर्थ. हा जुना आहे आणि आपल्याच किनाऱ्यावर छापला गेलाय. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यातल्या साष्टीत राहून मराठीत ख्रिस्तपुराण लिहितो, ते 1616 साली राचोलला छापलं जातं, आणि त्याच्या पहिल्याच ओवीत ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशी हाक आहे. मराठी बायबलातही सर्वसमर्थच आहे. ग्रीक बायबलातल्या ज्या शब्दाला हा जवळ जातो त्या ‘पांतोक्रातोर’चा अर्थ सगळ्यांवर सत्ता असलेला, मालक, असा आहे, ‘काहीही करणारा’ असा नाही. मालकाला कुणी दगड उचलून दाखवायला सांगत नाही.

राहिली देवी. नियमाने ‘सर्वशक्तिमती’, जशी बुद्धिमान-बुद्धिमती. ‘सर्वशक्तिमान देवी’ छापलेलं दिसतं, चालतंय असं नका म्हणू, बदला. बाकी आमच्या ग्रामदेवी सातेरीला यातलं काहीच लागत नाही, तिला नुसतं माऊली म्हणतात.