आमणदेव: तोतया, दावेदार की दायाद?

प्रश्न: देवगिरीच्या यादवांवर लिहिताना आमणदेवाला ‘तोतया राजा’ म्हटलेले चालेल का? नसेल तर कोणता शब्द वापरावा?

‘तोतया’ नकोच. तोतया म्हणजे दुसऱ्याचे नाव घेऊन मिरवणारा. पानिपतात पडलेला सदाशिवरावभाऊ तो मीच, असे सांगत फिरणारा माणूस तोतया. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. आमण कोण, याबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. तो महादेव यादवाचा मुलगा.

नाते आधी नीट लावू. सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण गादीवर आला. तो १२६१ च्या सुमारास वारला तेव्हा मुलगा रामचंद्र लहान होता, म्हणून राज्य धाकटा भाऊ महादेव याच्याकडे गेले. याला बळकावणे म्हणू नये. महादेव भावाच्या हयातीतच युवराज होता. घोळ झाला तो महादेवामागे. गादी आता थोरल्या शाखेकडे परतावी, की बसलेल्याच्या मुलाकडे जावी? आमण बसला, आणि १२७१ मध्ये चुलतभाऊ रामचंद्राने त्याला पकडून त्याचे डोळे काढले. रामचंद्राची माणसे नटांच्या वेशात किल्ल्यात शिरली, अशी कथा सांगतात. महादेवाचा श्रीकरणाधिप (राज्याच्या दप्तराचा प्रमुख) हेमाद्री पुढे रामचंद्राच्याही सेवेत राहिला.

‘दावेदार’ चालेल, पण तो शब्द ढिला आहे. दावा कुणीही लावू शकतो, खरा वा खोटा. इथे नेमका शब्द ‘दायाद’. दाय म्हणजे वारशाने येणारे धन, ते घेणारा तो दायाद. (वतनाच्या जुन्या कागदांतला ‘दाईज’ याच घरातला.) दोन शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकू नका: ‘दावा’ अरबी, ‘दाय’ संस्कृत.

विज्ञानेश्वराने याच दख्खनेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिलेली मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्रग्रंथावरची टीका, दायाचे दोन प्रकार करते. वाडवडिलांच्या मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क येतो, तो अप्रतिबंध दाय. भावाला किंवा चुलत्याला आधीचा मालक निपुत्रिक गेल्यावरच मिळते, तो सप्रतिबंध. या मापाने रामचंद्राची बाजू जड दिसते: तो कृष्णाचा मुलगा, महादेव नुसता भाऊ. पण शेताचे वाटे पडतात, सिंहासनाचे पडत नाहीत, आणि आमणचा बाप रीतसर राजा होता. म्हणून मी दोघांनाही दायाद म्हणेन.

डोळेच का काढले, याचेही उत्तर याच शब्दाजवळ सापडते. याज्ञवल्क्यस्मृती आंधळ्याला दायातून वगळते: त्याला पोटाला द्यावे, वाटा देऊ नये. धृतराष्ट्राची गादी हुकली तीही याच कारणाने. चुलतभावाला ठार न मारताही त्याचे दायादपण संपवण्याचा हा मार्ग होता, असे मला वाटते.

लिहिताना ‘दायाद आमणदेव’ असे विशेषण लावू नका, ते उघडे पडते. दायाद कुणाचा तरी असतो. ‘रामचंद्राने आपला दायाद आमणदेव याला पदच्युत केले’ हे वाक्य बरोबर. रामचंद्राने गादी ‘परत मिळवली’ लिहिलेत तर तुम्ही थोरल्या शाखेचा पक्ष घेतलात, ‘बळकावली’ लिहिलेत तर आमणचा. तटस्थ राहायचे असेल तर ‘घेतली’ पुरे.