मॅक्समध्ये जीपीआयबी बोर्डाचा टाइमआउट ३० सेकंद केला, तरी पायथॉन प्रोग्रॅम दोन सेकंदांत का बंद पडतो?

कुपवाड एमआयडीसीतल्या बेंचवर एनआयचा (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) जीपीआयबी बोर्ड, म्हणजे मोजमापाची उपकरणं पीसीला जोडणारं कार्ड, आणि एचपी ३४४०१ए डिजिटल मल्टिमीटर आहे, डीफॉल्ट बदलूनही काही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. 'दोन सेकंद' या आकड्यातच उत्तर आहे.

मॅक्समध्ये, म्हणजे एनआयच्या सेटिंग करायच्या प्रोग्रॅममध्ये, बदलता ते बोर्डाच्या ड्रायव्हरचं डीफॉल्ट. ते मुळात १० सेकंद असतं. पायव्हिसा (पायथॉनची उपकरणांशी बोलायची लायब्ररी) मात्र व्हिसाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या वरच्या सामायिक सॉफ्टवेअरच्या, थरातून जातो आणि व्हिसा सेशन उघडताना स्वतःचं डीफॉल्ट घेतो, २००० मिलिसेकंद. तुमचे ३० सेकंद त्याच्या गावीही नसतात. म्हणून सेशन उघडल्या उघडल्या प्रोग्रॅममध्येच टाइमआउट ३०००० द्या. आकडा मिलिसेकंदांत असतो. नुसतं ३० लिहिलंत तर मंद मोजणीचं एकही रीडिंग येणार नाही.

एवढा वेळ लागतो का? लागतो. १०० पीएलसीवर (पीएलसी म्हणजे विजेच्या लाइनचं एक आवर्तन) आपल्या ५० हर्ट्‌झला एका मोजणीचे २ सेकंद, ऑटोझीरो (प्रत्येक मोजणीसोबत शून्यही मोजणं) चालू असेल तर दुप्पट. सेल्फ टेस्टला साधारण १५ सेकंद जातात.

जुना सी प्रोग्रॅम व्हिसाशिवाय थेट बोर्डाच्या ४८८ ड्रायव्हरशी बोलत असेल आणि स्वतः टाइमआउट देत नसेल, तर मात्र मॅक्समधलंच डीफॉल्ट लागू होतं. चालू प्रोग्रॅममधून या ड्रायव्हरच्या आयबीकॉन्फिग फंक्शनने केलेला बदल तात्पुरता असतो. आयबीऑनएल फंक्शनला १ दिलं की मूळ सेटिंग परत येतं.

बोर्डावर मी एवढंच ठेवतो: पत्ता ०, सिस्टिम कंट्रोलर चालू, लिहिताना ईओआय (शेवटच्या बाइटसोबतचा 'संपलं' सिग्नल) चालू, ईओएस (ठरावीक बाइट आला की वाचन थांबवणं) बंद. ईओएसला १० देऊन ठेवलं आणि एखाद्या उपकरणाने बायनरी डेटा पाठवला, की त्यातला १० किमतीचा पहिला बाइट आला तिथेच वाचन तुटतं. एचएस४८८ (जलद डेटा पाठवायची पद्धत) बंदच राहू द्या. मीटर कारखान्यातून २२ पत्त्यावर येतो, त्यामुळे असे दोन मीटर जोडताना एकाचा पत्ता आधी बदला. केबलची लांबी उपकरणामागे २ मीटर, एकूण २० मीटरच्या आत.

'लिसनर नाही', म्हणजे त्या पत्त्यावर ऐकणारं उपकरण नाही, असा एरर (ड्रायव्हरचा एरर २) आला तर पत्ता, केबल किंवा मीटरचा स्विच बघा. पुरेसा वेळ देऊनही नुसता टाइमआउट आला तर मीटर ऐकतोय, पण त्याला उत्तर द्यायला काही विचारलेलंच नाही. बहुतेकदा कमांडचं स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा शेवटचं प्रश्नचिन्ह राहिलेलं असतं. मीटरची एरर क्यू (साठवलेल्या चुकांची यादी) वाचा: -११३ म्हणजे कमांड ओळखली नाही, -४२० म्हणजे न विचारता वाचायला गेलात.

आणि हो, पीसी यूपीएसवर आणि मीटर थेट लाइनवर, असं ठेवू नका. लाइट क्षणभर जाऊन आली की ३४४०१ए डीसी व्होल्टवर सुरू होतो. ओहमचं कॉन्फिगरेशन लूपच्या बाहेर एकदाच दिलेलं असेल, तर आकडे येत राहतात, एररही येत नाही, आणि रिपोर्टमध्ये रोधाच्या रकान्यात व्होल्ट छापले जातात.