ड्रमसेट नसलेला जॅझ आणि त्यातला तबला

वाचकांचे प्रश्न, तबलाशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न: माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, लहानपणापासून तबला शिकतो. कॉलेजातल्या तीन मित्रांबरोबर त्याने जॅझ वाजवायला सुरुवात केली आहे. एक गिटारवर, एक क्लॅरिनेटवर, एक डबल बासवर आणि हा तबल्यावर. ड्रमसेट नाही, पियानो नाही. त्यांचं वाजवणं ऐकून एका जाणकार गृहस्थांनी सांगितलं, ‘ड्रमशिवाय जॅझ होत नाही. तबला आला की ते फ्यूजन.’ तेव्हापासून मुलगा हिरमुसला आहे. त्या गृहस्थांचं खरं आहे का?
एक आई, सांगली

उत्तर: ताई, खरं नाही. ड्रमसेटशिवाय जॅझ होतो, आणि तबला घेऊनही होतो. याचा पुरावा पन्नास वर्षांहून जुना आहे आणि माझ्याकडे वरच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी तो आवर्जून ऐकवते. अमेरिकेतल्या त्या चौकडीचं नाव ओरेगन.

हे चौघे पॉल विंटर कन्सॉर्ट या वाद्यवृंदात एकत्र आले आणि १९७०-७१च्या सुमारास आपलं वेगळं वाजवू लागले. त्यांच्यासमोर कोणकोणती वाद्यं असत ते वाचा, म्हणजे तुमच्या मुलाच्या गटाचं कुणाला नवल वाटणार नाही. राल्फ टाउनर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आणि बारा तारांची गिटार वाजवायचा, शिवाय पियानो. पॉल मॅककँडलेसकडे ओबो, इंग्लिश हॉर्न आणि बास क्लॅरिनेट. ग्लेन मूर डबल बासवर. त्याचं वाद्य १७१५च्या आसपास युरोपातल्या टायरोलमध्ये घडवलेलं, आणि त्याच्या तारा तो स्वतःच्याच वेगळ्या पद्धतीने लावायचा. चौथा कॉलिन वॉलकॉट, तबला आणि सतार. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७२ साली आली.

ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. दोन पात्यांची जिव्हाळी आणि खाली रुंद होत जाणारी नळी दोन्हींना आहे. पण सनई देवळाच्या चौघड्यावर मोकळ्या हवेत वाजते, ओबो बंदिस्त सभागृहात वाजतो आणि त्याच्या आवाजातले बारकावे फार हळवे असतात. नायलॉनच्या तारेचंही तसंच. बोट लागतानाचा तो किंचित स्पर्शाचा आवाज ऐकू आला नाही तर त्या गिटारीतलं अर्धं सौंदर्य गेलं. ड्रमसेटवरच्या झांजा सतत वाजत राहिल्या की नेमके हेच वरच्या पट्टीतले बारकावे त्यांच्या आवाजाखाली झाकले जातात. तबला मात्र बोटांच्या टोकांनी वाजतो. बोल संपला की नादही लगेच आवरता येतो, आणि बाकीच्यांसाठी जागा मोकळी राहते.

मग ठेका कोण धरणार, असं ते गृहस्थ विचारतील. साधारण जॅझमध्ये ड्रमरची मोठी झांज आणि बास मिळून लय सांभाळतात. ओरेगनमध्ये हे काम कुणा एकाच्या गळ्यात बांधलेलं नाही. कधी मूरचा बास ते करतो, कधी टाउनरचा उजवा अंगठा खालच्या तारांवर, कधी ओबोचीच एखादी फिरून फिरून येणारी ओळ. त्या वेळी वॉलकॉटचा तबला संवादात असतो. ओबोने एक वाक्य टाकलं की तो त्याला उत्तर देतो, किंवा चार मात्रा गप्प बसतो. आपल्याकडे शिकलेल्या मुलाला सगळ्यात अवघड जातं ते हे गप्प बसणं. आपण त्याला पहिल्या दिवसापासून शिकवतो की गायक कुठेही गेला तरी तू ठेका सोडू नकोस. इथे ठेका सोडायचा असतो आणि तरी आतली लय हलू द्यायची नसते. मुलाला सांगा, महिनाभर घरी सोळा मात्रांतल्या शेवटच्या चार मात्रा न वाजवता समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ये. टाळी नको, पायाचा ठेका नको, मान हलवणंही नको.

वॉलकॉटने हे सगळं वरवरचं उचललेलं नव्हतं. इंडियाना विद्यापीठात त्याने तालवाद्यांचं रीतसर शिक्षण घेतलं आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये पं. रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकला. निव्वळ तयारी पाहिलीत तर आपल्याकडची अनेक तरुण मुलं त्याच्यापेक्षा खूप जलद वाजवतात. पण एक ‘तिरकिट’ कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा याचं त्याचं भान मला आजही थक्क करतं. चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, एकच ‘ना’ तो असा वाजवतो की बारा तारांच्या गिटारीतली तेरावी तार वाजली असं वाटावं.

राहिला प्रश्न फ्यूजनचा. बाहेरचे लोक कोणतं नाव देतात यापेक्षा जॅझमधल्या थोरांनी यांना कसं वागवलं ते पाहा. १९७२च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने सतारीसाठी वॉलकॉटला घेतलं. त्याच वर्षी वेदर रिपोर्ट या जॅझ गटाच्या रेकॉर्डवर टाउनर बारा तारांची गिटार वाजवून गेला. आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या चौकडीचा ड्रमर एल्विन जोन्स, ज्याच्याइतका मोठा जॅझ ड्रमर शोधायला कष्ट पडतील, तो स्वतः ओरेगनबरोबर वाजवायला बसला. ती रेकॉर्ड १९७६ची. जोन्ससारखा माणूस ज्यांच्यात येऊन बसला, त्यांना जॅझच्या दाराबाहेर उभं करण्याचा अधिकार मला तरी कुणाला दिसत नाही. तुमच्या मुलाने त्या गृहस्थांशी वाद घालू नये. ‘विंटर लाइट’ ही १९७४ची रेकॉर्ड चौघांनी एकत्र बसून ऐकावी आणि तालमीला लागावं.

प्रश्न: आमच्या बेळगावच्या शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक परदेशात जॅझ वाजवतात एवढं ठाऊक आहे. ते कोणत्या गटात होते? ऐकायला सुरुवात कुठून करावी?
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर: सर, तुमचा प्रश्न वरच्या प्रश्नाशेजारी आला याचा मला फार आनंद झाला, कारण उत्तर तेच आहे. ओरेगन.

८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत मॅग्डेबर्गजवळ ओरेगनच्या गाडीला अपघात झाला आणि कॉलिन वॉलकॉट गेला. वय ३९. त्याच्याबरोबरची शेवटची रेकॉर्ड ‘क्रॉसिंग’ आदल्याच महिन्यात ध्वनिमुद्रित झाली होती. असा माणूस गेल्यावर त्याच्या जागी कुणाला बसवायचं? तबला येणारे पुष्कळ होते, जॅझ येणारेही पुष्कळ. दोन्ही अंगात मुरलेला माणूस मुंबईचा निघाला, त्रिलोक गुर्टू. १९५१ साली जन्मलेला, घरात आईची ठुमरी ऐकत वाढलेला, लहानपणी तबल्यावर बसलेला आणि पुढे युरोपात जाऊन अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरीसारख्या वादकांबरोबर वाजवलेला.

तुम्ही बेळगावचे, तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी लिहिते. शोभाताई म्हणजे बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यांगना, आणि गाण्यात अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. लग्नानंतर त्या गुर्टूंच्या घरी आल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावात पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि सतार वाजवत. म्हणजे आजी नर्तकी, आई ठुमरी-दादऱ्याची सम्राज्ञी, आजोबा सतारिये. त्रिलोक गुर्टूच्या हातातली बोलांची लचक ऐकताना हे घर मला ऐकू येतं. ती कुठल्या ड्रमच्या क्लासात मिळणारी गोष्ट नाही.

त्याचं वाद्यांचं मांडणंही पाहण्यासारखं आहे. ड्रमर स्टुलावर बसतो आणि पायाने मोठा ड्रम वाजवतो. गुर्टू जमिनीवर गुडघे टेकून बसतो, पायाचा ड्रम नाहीच. समोर तबला-डग्गा, भोवती ड्रम, झांजा, घुंगरं, आणि शेजारी पाण्याची बादली. थाळी किंवा झांज वाजवून तो पाण्यात बुडवतो आणि तिचा सूर वाकतो. ऐकताना सवयीने वाटतं की डग्ग्यावरची मींड चालली आहे.

सुरुवात ओरेगनच्या ‘इकोटोपिया’ने करा, १९८७ची. त्यानंतर १९८९ची ‘फॉर्टी-फिफ्थ पॅरलल’. वॉलकॉटचा तबला आणि याचा तबला यांत फरक आहे, आणि मला विचाराल तर चौघांच्या तोलासाठी वॉलकॉट अधिक जवळचा वाटतो. गुर्टू आला तशी सगळ्यांची गती वाढली, अंगात वीज आली. जुन्या रेकॉर्डमधल्या मोकळ्या जागा थोड्या भरून गेल्या. पण तो तबल्याचं तबलापण कुठेही पातळ करत नाही, आणि हे मी फार मोठं मानते.

आणि सर, तुमच्यासाठी मुद्दाम एक सांगते. १९८८ साली त्रिलोकची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली, ‘उस्फ्रेट’. तीत शोभाताई गायल्या आहेत. त्याच रेकॉर्डवर ओरेगनचा राल्फ टाउनर आहे आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा मधली वाद्यं अनोळखी वाटतील. पण शोभाताईंनी सूर लावला की तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या गावच्या गायिकेचा आवाज अशा संगतीत आहे, हे बेळगावात घरोघरी ठाऊक असायला हवं.

प्रश्न: जॅझमध्ये सतार म्हणजे नुसती शोभाच ना?
एक वाचक, नागपूर

उत्तर: बऱ्याच ठिकाणी तसंच होतं. वॉलकॉटच्या हातात नाही. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, एकाच षड्जाला धरून लावलेल्या असतात, आणि जॅझमध्ये गिटार-पियानोचे स्वरसमूह (कॉर्ड) सतत आधार बदलत असतात. त्यामुळे सतार घ्यायची तर तशी रचनाच मुळातून वेगळी बांधावी लागते, खाली एक सूर स्थिर ठेवून. हे कष्ट वॉलकॉट घ्यायचा. त्याची याहून विलक्षण संगत ऐकायची असेल तर ‘कोडोना’ ऐका. सतार, डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट आणि ब्राझीलच्या नाना व्हास्कॉन्सेलोसचा बेरिंबाऊ, म्हणजे धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य. तिघेच, आणि तीन रेकॉर्ड. पहिली १९७८ साली ध्वनिमुद्रित झाली.

प्रश्न: मॅडम, माझा मित्र सॅक्सोफोन वाजवतो, दुसरा गिटार. त्यांच्या रचनांत स्वरसमूह सारखे बदलतात. तबला कुठल्या सुरात लावू? कुठेही लावला तरी मध्येच बेसूर वाटतो.
तबल्याचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: अरे, तुला बेसूर ऐकू येतं ही चांगली गोष्ट आहे. ड्रमरला ही अडचण एवढी जाणवत नाही, कारण त्याच्या ड्रमला ठाम सूर नसतो. तबल्याला असतो, आणि तो पुडीवरच्या, म्हणजे तबल्याच्या कातड्यावरच्या, काळ्या शाईमुळे. शाईच्या वजनाने पुडीचे वरचे नाद तारेच्या वाद्यासारखे सुरेल नात्यात येतात. हे सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे तुझा ‘ना’ हा त्या स्वरसमूहातला एक स्वर असतो, तुला वाटो न वाटो.

तेव्हा आधी गिटारवाल्याकडून सगळे स्वरसमूह लिहून घे आणि जास्तीत जास्त ठिकाणी येणारा एक स्वर शोध. समजा रचना पांढरी एकमधली (सी) आहे आणि त्यात सी, ए मायनर आणि एफ हे स्वरसमूह आहेत. तिन्हींत पांढरी एक आहेच. तबला तिथे लाव. मग जी सेव्हन आला की त्यात पांढरी एक नाही. तेवढ्या जागी चाटीवरचा ‘ना’ आणि लवेवरचा, म्हणजे कड आणि शाई यांच्या मधल्या भागावरचा, ‘तीं’ टाळ, ‘तिरकिट’, ‘ते’, ‘के’ असे बंद बोल वाजव. हे बोल सूर सांगत नाहीत, लय सांगतात. कोणत्या जागी उघडा बोल आणि कोणत्या जागी बंद, हे कागदावर खुणा करून पाठ कर.

सॅक्सोफोनवाल्यांना काळी दोन आणि काळी पाच सोयीच्या पडतात, त्यामुळे एका तबल्यावर भागणार नाही. हातोडीने एकच तबला दीड-दोन सुरांपलीकडे ओढू नकोस, पुडीचा नाद मरतो. लहान तोंडाचा एक आणि मोठ्या तोंडाचा एक असे दोन जवळ ठेव. मित्राला आधी पाच-दहा मिनिटं वाजवू दे आणि मग तबला लाव, कारण फुंकायचं वाद्य गरम झालं की सूर थोडा चढतो. मंचावरच्या दिव्यांनी तुझी पुडीही चढेल, दमट हवेत उतरेल. दोन रचनांच्या मध्ये गट्टे, म्हणजे पुडी ताणून धरणारे लाकडी ठोकळे, तपासायला वेळ मागून घे, संकोच करू नकोस.

बासवाला मिळाला तर डग्गा नेहमीपेक्षा जरा चढा ठेव आणि घिस्सा, म्हणजे मनगट घासून सूर वाकवणं, कमी कर. खालचा सूर त्याचा आहे. त्या मुलाला तालमीत तुझ्या डाव्या हाताला बसव, म्हणजे तुझा डग्गा त्याला आणि त्याची तार तुला नीट ऐकू येईल.